नर्सबाईंचे वाढते काम आणि आपली जबाबदारी



या पानावर आम्ही एरवी आडसालीचे बेणे, खोडव्यातले पाचट, ठिबकचे वेळापत्रक असले विषय घेतो. या वेळी विषय वेगळा आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई, त्यांच्याकडे नव्याने आलेली कामे आणि नर्स व डॉक्टर यांचे आपसांत कसे जमावे, हा तो विषय. ऊस विकास अधिकाऱ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. कारण सांगतो. शेतकी खात्याची माणसे बारमाही बांधावर असतात. बांधणी का राहिली, खताचा हप्ता का चुकला, लागण का लांबली असे विचारावे, तर कितीतरी घरी एकच उत्तर मिळते : "घरात दुखणं होतं, साहेब." उसाचे बिल खात्यावर जमा होते आणि आठ दिवसांत सोलापूरच्या दवाखान्यात मोकळे होते. पुष्कळदा तेच दुखणे गावच्या उपकेंद्रात दोन-तीन महिने आधी अडवता आले असते. बांध फुटायच्या आधी घमेलेभर माती पुरते. फुटल्यावर ट्रॉलीभर टाकली तरी पाणी थांबत नाही.

आपल्या मोहोळ तालुक्यात एक बोलणे नेहमी कानावर येते. "नुसत्या सिस्टरकडं जाऊन काय उपेग? डॉक्टरच पायजे." मग उपकेंद्राच्या दारावरून गाडी मोहोळला जाते, मोहोळहून सोलापूरला जाते, आणि वेळ व पैसा दोन्ही रस्त्यात जातात. आमचे म्हणणे असे, की नीट शिकलेल्या नर्सला ठरवून दिलेले अधिकार असावेत, तिच्या पाठीशी डॉक्टर उभा असावा आणि गावाने तिच्यावर भरवसा ठेवावा. या तिन्हींपैकी एक गोष्ट जरी नसली तरी उरलेल्या दोन वाया जातात. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रात हे करून पाहिले गेले आहे.

नर्स म्हणजे कोण?

पांढरा कोट घातला की सिस्टर, हा समज आधी काढून टाकू. ए.एन.एम. म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. तिचे शिक्षण दोन वर्षांचे. जी.एन.एम. तीन वर्षे शिकते, तर बी.एस्सी. नर्सिंगवाली चार वर्षे. या सर्वांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. आपल्या आशाताई नर्स नव्हेत. त्या गाव आणि दवाखाना यांच्यातला दुवा आहेत. आणि खाजगी दवाखान्यात सहा महिने काम बघून सुई टोचायला शिकलेली मुलगी कितीही चुणचुणीत असली तरी तिला नर्स म्हणता येत नाही. हा फरक पुढच्या सगळ्या लेखाचा पाया आहे, म्हणून आधी सांगितला.

हा शिकलेला वर्ग आपल्याकडे सहजासहजी तयार झाला नाही. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने त्या संस्थेने विधवा व निराधार स्त्रियांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठविले. परक्या रोग्याला हात लावणे हे चांगल्या घरच्या बाईचे काम नव्हे, असे समजण्याचा तो काळ होता. लोकांची बोलणी खाऊन त्या बायकांनी वाट पाडली. पुढे १९४६ साली भोर समितीने खेडोपाडी आरोग्य केंद्रे असावीत असा आराखडा मांडला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेने नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा मंजूर केला.

सरकारी मापदंड असा, की सपाट मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्रात नर्स, केंद्रात डॉक्टर. हिशेब सरळ आहे. खेड्यातल्या माणसाला भेटणारे पहिले शिकलेले माणूस नर्सच असणार. तिला काही करता आले नाही, तर पहिली भेट फुकट गेली असे समजा.

जामखेडने काय शिकविले?

आपल्या जिल्ह्याला लागूनच पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. त्यातले जामखेड हे आपल्यासारखेच अवर्षणाचे गाव. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे आले. दोघेही मोठे शिकलेले. मोठ्या शहरात बंगला बांधून राहू शकले असते. त्यांनी आधी ए.एन.एम. नर्सना एकेका गावात ठेवून पाहिले. ते जमेना. परगावची तरुण मुलगी गावात एकटी कशी राहणार, आणि तिचे सांगणे गाव कसे ऐकणार? तेव्हा गावातल्याच बायका निवडून त्यांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावात काम करीत.

येथे नर्सचे काम बदलले, हे आपण ध्यानात घ्यावे. आधी ती स्वतः सुई टोचणारी होती. आता ती शिकवणारी आणि देखरेख ठेवणारी झाली. फिरत्या पथकाबरोबर ती गावोगाव जाई, गावच्या बाईने केलेले काम तपासी, अडले तेथे हात देई आणि जे आपल्याही हाताबाहेरचे ते डॉक्टरकडे पाठवी. डॉक्टरचे कामही बदलले. सर्दी-पडशाची गर्दी हटली आणि शस्त्रक्रियेला व अवघड रोग्याला त्यांना वेळ मिळू लागला. म्हणजे प्रत्येकाने आपल्या हातचे काम खालच्याला शिकवून दिले आणि स्वतः त्याहून अवघड काम उचलले.

फळ काय मिळाले? १९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले.

सुई कोणाच्या हातात?

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला. नुकतेच जन्मलेले मूल दवाखान्यापर्यंत पोचत नाही, म्हणून दवाखानाच त्याच्या घरी न्यायचा. गावातल्या बायकांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे त्या शिकल्या. आणि बाळाला जंतुदोष झाला आहे अशी ठराविक लक्षणे दिसली, तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही शिकल्या. साहजिकच प्रश्न उभा राहिला, की खेड्यातल्या बाईच्या हातात सुई द्यायची काय? उत्तर आकड्यांनी दिले. शेजारच्या, हा प्रयोग न झालेल्या गावांशी ताडून पाहता पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ पाहू लागल्या, त्याचे मूळ येथे आहे.

यानंतर सरकारी सूचनांतही बदल होत गेले, आणि ते आपल्या घरातल्या लेकी-सुनांच्या उपयोगाचे आहेत म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही बाई हातची जाऊ शकते. मोहोळच्या दूरच्या वस्तीवरून सोलापूरला पोचायला, रात्रीची गाडी मिळवून, कधी कधी तेवढाच वेळ लागतो. २०१० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित ए.एन.एम. बाळ जन्मताच मातेला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्नायूत देऊ शकते. तेथे ते नसेल तर मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊ शकते. बाळंतिणीला रक्तदाब वाढून झटके येऊ लागले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच तिला पुढे पाठवू शकते. पूर्वी ही सर्व औषधे डॉक्टर येईपर्यंत कपाटातच राहायची. २०१४ च्या सूचनांनी आजारी तान्ह्या बाळाला पुढे पाठविण्याआधी जेंटामायसिन देण्याची मुभाही ए.एन.एम. ला मिळाली. २०१८ साली तर स्वतंत्र प्रसाविका तयार करण्याचे धोरण आले. आधीच नर्स असलेल्या बाईला अठरा महिन्यांचे जादा शिक्षण देऊन साधी, बिनधोक्याची बाळंतपणे तिच्याकडेच सोपवायची, आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरला बोलवायचे.

तेव्हा उपकेंद्रातल्या बाई "आधी हे इंजेक्शन घ्या, मग गाडीत बसा" असे म्हणाल्या, तर "उगं टाइम घालवू नका" म्हणून त्यांच्यावर ओरडू नये. पाच मिनिटे थांबणे तेथे शहाणपणाचे असते.

बीपी, शुगर आणि महिन्याच्या गोळ्या

आता आपल्या वयाच्या माणसांचे बघू. चाळिशी-पन्नाशीच्या सभासदाला बीपी असते आणि त्याला ते ठाऊक नसते. ठाऊक झाले तर गोळ्या पंधरा दिवस खातो, बरे वाटले की सोडतो. एक दिवस ऐन तोडणीत अर्धांग होते. अशा रोगाला दर महिन्याला मोठा डॉक्टर लागत नाही. लागते ते महिन्याला बीपी मोजणारे, गोळ्या हातात देणारे, आणि "मागच्या महिन्यात का आला नाहीत?" असे विचारणारे माणूस.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत सुरू झाले. २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात. महाराष्ट्रात ते काही ठिकाणी आयुर्वेदाचे पदवीधर असतात, तर काही ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंग झालेले. तीस वर्षांवरील माणसांचे बीपी, साखर तपासणे, डॉक्टरने ठरवून दिलेल्या गोळ्या दर महिन्याला देणे, बीपी आटोक्यात नसेल तर पुढे पाठवणे, आणि गरज पडल्यास फोनच्या पडद्यावरून डॉक्टरशी रोग्याचे बोलणे करून देणे ही त्यांची कामे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, तसेच सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा येथे, रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा कार्यक्रम आपल्या राज्यात पहिल्यांदा सुरू झाला. त्याची रीतच अशी, की औषधांच्या पायऱ्या आधी ठरवून ठेवायच्या, प्रत्येक रोग्याचे कार्ड ठेवायचे आणि पाठपुरावा नर्स व आरोग्यसेवकांकडे द्यायचा.

परदेशात ही वाट जुनी आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे १९६५ साली लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून जादा शिक्षण घेतलेल्या नर्सचा पहिला अभ्यासक्रम काढला. तेथेही खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नव्हते. नर्स आणि डॉक्टर अशा दोघांनी मिळून तो काढला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. २०१८ साली अशा नर्सच्या कामाबद्दलच्या १८ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आजारांत प्रशिक्षित नर्सकडे गेलेल्या रोग्यांची प्रकृती डॉक्टरकडे गेलेल्यांइतकीच किंवा किंचित बरी राहिली, नर्सनी रोग्याला वेळ जास्त दिला, आणि रोगी समाधानी होते, असे त्यात दिसले. या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या आहेत हे खरे. पण साताऱ्याची आणि जामखेडची वाट त्याच दिशेची आहे.

दोघांचे जमते कुठे, अडते कुठे?

अधिकार कागदावर आले म्हणून काम होत नाही. ते दोन माणसांतल्या बोलण्यावर अवलंबून असते. लेनर्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली एक लेख लिहून या बोलण्याला 'डॉक्टर-नर्सचा खेळ' असे नाव दिले. नर्सने उपाय सुचवायचा, पण सुचवला असे दिसू द्यायचे नाही. डॉक्टरने सल्ला घ्यायचा, पण मागितला असे दिसू द्यायचे नाही. आपल्याला हे नवे नाही. जुन्या घरात सून सासऱ्याला सरळ सांगत नसे. "बैल सकाळधरनं बसूनच हाय," एवढे भिंतीकडे बघून म्हणायची. मग सासरे स्वतःलाच सुचल्यासारखे, "गुरांच्या डॉक्टरला बोलवा रे" म्हणायचे. घरात हे चालून गेले. पण रोग्याची नाडी सुटत असताना भिंतीकडे बघून बोलायला वेळ नसतो.

आमच्या पाहुण्यांतल्या एका बाळंतिणीची हकिकत सांगतो. दवाखान्याचे नाव-गाव सांगत नाही. रात्री बाळंतपण झाले, डॉक्टर घरी गेले. मध्यरात्रीनंतर नर्सच्या ध्यानात आले, की बाईची नाडी जलद चालते आहे, तोंड पांढरे पडते आहे. पण "बारीकसारीक गोष्टीला मला उठवत जाऊ नका" असे त्या डॉक्टरने पूर्वी एकदा सुनावले होते. नर्स पाऊण तास वाट पाहत राहिली. नातेवाईक रडायला लागले तेव्हा तिने फोन केला. रक्ताच्या बाटल्या आणाव्या लागल्या. बाई वाचली, पण थोडक्यात. नर्सला काय होते आहे ते कळत होते. सांगायची सोय नव्हती. डॉक्टरही वाईट नव्हते, दिवसभराचे दमलेले होते. पण त्या एका वाक्याने पाऊण तास खाल्ला.

याच्या उलट उदाहरण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले. पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालण्याआधी करावयाच्या पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणे, कातडी जंतुनाशकाने पुसणे अशा त्या गोष्टी. त्यातली एक जरी डॉक्टर विसरला तर नर्सने त्याला जागच्या जागी थांबवायचे, असा अधिकार नर्सला दिला आणि रुग्णालयाच्या वरिष्ठांनी तिच्या पाठीशी राहण्याचे कबूल केले. पुढे मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत ही रीत नेली. नळीतून होणारा रक्तातला जंतुदोष दीड वर्षात ६६ टक्क्यांनी घटला. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते.

आपल्या कारखान्यातही हाच नियम आहे. गव्हाणीत उसाबरोबर लोखंड जाताना दिसले, तर तेथला साधा कामगार बटण दाबून ती थांबवतो. चीफ इंजिनिअरची परवानगी काढायला तो वर जात नाही, आणि इंजिनिअर साहेबही त्याला "तू कोण मिल थांबवणारा?" असे विचारीत नाहीत. मिलच्या रोलरला जो मान आपण देतो, तेवढा तरी माणसाच्या जिवाला द्यावा.

चांगल्या दवाखान्यात याची तजवीज आधीच केलेली असते. नाडी किती झाली, बीपी किती उतरले की डॉक्टरला उठवायचे, हे लिहून भिंतीवर लावलेले असते. डॉक्टर येईपर्यंत नर्सने काय सुरू करायचे तेही लिहिलेले असते. फोनवर नर्सने चार गोष्टी सांगायच्या : आता काय झाले आहे, रोग्याचे आधीचे काय, मला काय वाटते, आणि तुमच्याकडून मला काय हवे. शेवटच्या दोन गोष्टी बोलायला नर्सला धीर लागतो, आणि त्या ऐकून घ्यायला डॉक्टरला मोठे मन लागते.

उसातला साप

आपल्या शेताशी याचा संबंध किती जवळचा आहे ते सर्पदंशावरून कळेल. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत शेतात राबणारीच जास्त.

दंश झालेला माणूस दवाखान्यात आला, की प्रतिविषाची लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवितो. पण ठरवायला लागणारी माहिती बहुतेक नर्सच्या हातून येते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग तिरकी करून पाहतात. रक्त गोठले नाही, तर घोणस-फुरशासारख्या सापाचे विष रक्तात भिनले असे समजतात. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे बोबडे झाले, तर नाग-मण्याराचे विष मज्जातंतूंवर चढते आहे. मण्यार चावलेली जागा कधी कधी दिसतही नाही. अशा वेळी दर थोड्या वेळाने रोग्याचे डोळे, श्वास, नाडी पाहत बसणारी नर्सच पहिली धोक्याची घंटा वाजविते. लस सुरू झाल्यावर अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर लस थांबवून ॲड्रिनॅलिनची तयारी ठेवणारीही तीच. डॉक्टरचा निर्णय आणि नर्सची नजर यांतली एक जरी कमी पडली तरी रोगी हातचा जातो.

आपण एवढेच करावयाचे : जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये, हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा, आणि "किती वाजता चावला" हे नर्सला नेमके सांगावे.

डॉक्टरांचीही बाजू आहे

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात, ३२ व्या कलमाने मध्यम स्तरावरच्या आरोग्यसेवकांना मर्यादित औषधोपचाराचा परवाना देण्याची तरतूद झाली. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला देशभर विरोध केला, संप केला. त्यांचे म्हणणे असे, की अर्धवट शिकलेल्यांच्या हाती खेड्यातला रोगी द्यायचा आणि शहरातल्याला पूर्ण डॉक्टर, हा कोणता न्याय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवून तेथे नर्सला राबविणे म्हणजे नर्सचा अधिकार वाढविणे नव्हे. जामखेडला डॉक्टर होते म्हणून नर्स मोठी झाली. तेव्हा आम्ही नर्सच्या वाढीव कामाला पाठिंबा देतो तो तीन अटींवर : त्या कामाचे रीतसर शिक्षण झालेले असावे, काय करायचे व कोठे थांबायचे हे लेखी असावे, आणि फोन केल्यावर उचलणारा डॉक्टर असावा. शिवाय वाढलेल्या कामाचा वाढीव पगारही मिळावा. पाच हजार वस्तीची लसीकरणे, बाळंतपणे, नोंदी आणि वर नवे काम, हे एकाच बाईच्या खांद्यावर टाकून चालत नाही.

शेतीतही असेच आहे. को ८६०३२ ही जात शास्त्रज्ञांनी दिली आणि १९९६ साली आपल्या राज्यात तिची शिफारस झाली. पण ती तुमच्या रानात रुजली ती बांधावर उभे राहून बेणे तपासणाऱ्या शेतकी मदतनिसामुळे. त्याने शास्त्रज्ञ होण्याचा आव आणला नाही, आणि शास्त्रज्ञांनीही त्याचे सांगणे कानाआड केले नाही.

टोळ्यांकडे लक्ष असू द्यावे

हंगामात आपल्या रानात परजिल्ह्यातल्या टोळ्या उतरतात. कोप्यांतल्या गरोदर बायका आणि तान्ही मुले कोणत्याच उपकेंद्राच्या यादीत नसतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीत, ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. पोटदुखी, अंगावरून जाणे असल्या तक्रारींवर आधी ऐकून घेणारी, तपासणारी नर्स तळावर येती, तर त्यांतल्या कित्येकींना साधे औषध पुरले असते असे आम्हांस वाटते. ज्यांच्या कोयत्यावर आपले बिल निघते, त्यांच्यासाठी एवढे करणे आपल्याला जड नाही.

सभासदांनी काय करावे?

१. घरातल्या तीस वर्षांवरील प्रत्येकाचे बीपी व साखर गावच्या उपकेंद्रात तपासून घ्यावी. कार्ड जपून ठेवावे, दर महिन्याला दाखवावे.

२. गरोदर सुनेची वा लेकीची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच नर्सबाईंकडे करावी. रात्री गाडी कोणाची, सोबत कोण, हे आधी ठरवावे.

३. खाजगी दवाखान्यात भरती होताना "रात्री शिकलेली, नोंदणी झालेली नर्स कोण असते?" आणि "रात्री अडचण आली तर डॉक्टरना कोण, कसे कळविते?" हे दोन प्रश्न विचारावेत. विचारण्यात अपमान नाही.

४. सुई, सलाईन पाहिजेच असा हट्ट नर्सकडे धरू नये. ती "नको" म्हणते तेही तिचे कामच आहे.

५. उपकेंद्रात राहणाऱ्या बाईंना पाणी, वीज, दाराची कडी आणि रात्रीची सुरक्षितता आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. जामखेडला नर्स गावात टिकेना ती याच अडचणींनी. पन्नास वर्षांनीही त्या जागच्या जागी असतील, तर दोष सरकारइतकाच गावाचा.

६. नर्सची किंवा डॉक्टरची तक्रार असेल तर लेखी करावी. दवाखान्यात आरडाओरडा, शिवीगाळ, धक्काबुक्की झाली, की पुढच्या रोग्याला हात लावायला दोघेही कचरतात. तो पुढचा रोगी आपल्याच घरातला असू शकतो.

येत्या हंगामात प्रत्येक गट कार्यालयाच्या फलकावर त्या गटातील उपकेंद्रे, तेथील लसीकरणाचा वार आणि मोहोळ ग्रामीण रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवण्याचे शेतकी खात्याने ठरविले आहे. टोळी उतरली की तळावरच्या गरोदर बायका व पाच वर्षांखालील मुले यांची यादी करून ती चिटबॉयने दोन दिवसांत उपकेंद्रात पोचवावी, अशीही सूचना दिली आहे. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरेल, त्यांनी यादी गेली की नाही एवढे विचारावे. नर्सबाई तळावर आल्या तर त्यांना बसायला खाट आणि प्यायला पाणी द्यावे, आणि मुकादमाला सांगून बायकांना तासभर कामातून मोकळे करावे. त्या तासाचा ऊस दुपारनंतर तोडता येतो.

— ऊस विकास अधिकारी